गॅसच्या चरात पाण्याचा पाइप

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेला, फ्रेमिंगहॅम नावाचं शहर आहे. शेजारच्या अ‍ॅशलंडमधलं श्रीलक्ष्मी मंदिर त्या भागातल्या मराठी मंडळींच्या ओळखीचं, त्यामुळे फ्रेमिंगहॅमही त्यांच्या येण्याजाण्यातलं. २०२३ साली या शहरातल्या पार्किंगच्या जागांवर बोअरच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. एकेक बोअर ६०० ते ७०० फूट खोल, आणि अशा बोअरची संख्या सुमारे ९०. आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, बोअरची गाडी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी किती इंच लागलं? इथे पाणी कुणालाच नको होतं. प्रत्येक बोअरमध्ये यू आकाराचा प्लास्टिकचा पाइप सोडला गेला आणि भोवतालची पोकळी लगद्याने घट्ट भरून टाकली गेली. पाइपमध्ये गोठू नये असं द्रव्य मिसळलेलं पाणी. ते खाली जातं, वर येतं, पुन्हा खाली जातं. जमिनीतलं पाणी या पाण्याला शिवतसुद्धा नाही.

हे सगळं करणारी कंपनी होती एव्हरसोर्स. तिच्या गॅस विभागाचा धंदा घरोघरी नळाने गॅस पुरवण्याचा. म्हणजे गॅस विकणारी कंपनी स्वतःच्याच ग्राहकांची गॅसची भट्टी बंद करायला निघाली होती, तेही स्वखुशीने, राज्य सरकारच्या नियामकाची परवानगी काढून. ४ जून २०२४ रोजी या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. ३६ इमारती आणि सुमारे १४० ग्राहक त्याला जोडलेले आहेत. त्यात साधी घरं आहेत, सरकारी गृहसंस्थेच्या सदनिका आहेत, दुकानं आहेत, एक अग्निशमन केंद्रही आहे. अमेरिकेत एखाद्या गॅस कंपनीने उभारलेलं आणि चालवलेलं हे अशा प्रकारचं पहिलं जाळं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. भूगर्भातली उष्णता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरीची, उन्हवऱ्याची गरम पाण्याची कुंडं येतात, नाहीतर आइसलँडमधले वाफेचे फवारे. त्यांचा इथे काही संबंध नाही. फ्रेमिंगहॅमच्या खाली काहीही तापलेलं नाही. तिथली जमीन वीस-तीस फूट खोलीनंतर वर्षभर साधारण १२-१३ अंश सेल्सियसवर असते, बस. वर जानेवारीत पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरतो आणि जुलैत पस्तिशीकडे सरकतो, पण खालच्या खडकाला त्याची खबर नसते. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, त्यामागचं कारणही हेच आहे.

आता बारा अंशांच्या पाण्याने घर कसं गरम होणार? इथे हीट पंप येतो. त्यात विशेष गूढ काही नाही. आपल्या स्वयंपाकघरातला फ्रिज हा हीट पंपच आहे: आतल्या भाजीपाल्याची उष्णता उपसून तो मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, म्हणून मागे हात लावला तर ऊब लागते. बारा अंशांच्या पाण्यातही उष्णता असतेच. कमी तापमानाला उकळणारं द्रव्य त्या पाण्याजवळून फिरवलं की त्याची वाफ होते. ती वाफ कंप्रेसरने दाबली की तापते, आणि ती ऊब घरातल्या हवेला देता येते. उन्हाळ्यात तेच चक्र उलटं फिरवायचं, म्हणजे घरातली उष्णता जमिनीत जाते. लॉर्ड केल्व्हिन यांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती.

यातली खरी मेख हिशेबाची आहे. गॅसची भट्टी कितीही उत्तम असली तरी एका एककाच्या गॅसमधून एका एककाहून जास्त उष्णता देऊ शकत नाही. जाळलं तेवढंच मिळणार. हीट पंप मात्र उष्णता निर्माण करत बसत नाही, ती फक्त हलवतो. म्हणून विजेच्या एका एककात चार एककं उष्णता घरात आणणं त्याला सहज जमतं. बाहेरच्या हवेतून उष्णता घेणारे हीट पंपही असतात, पण कडाक्याच्या थंडीत, जेव्हा ऊब सर्वांत जास्त हवी असते, तेव्हाच त्यांची दमछाक होते. जमिनीला जोडलेल्या पंपाला बाहेर बर्फाचं वादळ असलं तरी बारा अंशांचं पाणी मिळतच राहतं.

यावर एक आक्षेप हटकून येतो. मॅसॅच्युसेट्ससह त्या भागातली निम्मी वीज गॅस जाळूनच तयार होते, मग गॅस सोडून वीज घेतल्याने साधलं काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचं उत्तर कागदावर मांडून पाहता येतं. चांगलं वीजकेंद्र गॅसमधल्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी विजेत उतरवतं. त्या अर्ध्या एककाचे हीट पंपात चौपट होतात, म्हणजे दोन एककं उष्णता. तारांमधली गळती वजा केली तरी घरच्या भट्टीत मिळणाऱ्या ०.९ एककाच्या दुप्पट पडते. शिवाय उद्या वीजकेंद्राऐवजी पवनचक्की आली तर घरात काहीही बदलावं लागत नाही.

मग हे शंभर वर्षांपूर्वीच का झालं नाही? झालं, पण तुकड्यातुकड्यांनी. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात १९४८ साली बांधलेली एक कचेऱ्यांची मोठी इमारत विहिरींच्या पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपांनी उबवली आणि गारवली जात होती. कोलोरॅडो मेसा विद्यापीठाने २००८ च्या सुमारास आपल्या आवारात बोअर मारायला सुरुवात केली, एकेक इमारत जोडत नेली, आणि आज वर्षाला सुमारे १५ लाख डॉलर वाचतात असं ते सांगतं. विद्यापीठाचं ठीक आहे. आवार त्याचं, इमारती त्याच्या, बिलही त्याचंच. साध्या घरमालकाने स्वतःच्या अंगणात बोअर मारून पंप बसवायचा तर वीस-तीस हजार डॉलर तरी एकरकमी मोजावे लागतात. ते ऐकून तो गप्प बसतो आणि गॅसची नवी भट्टी आणतो. जमिनीतली उष्णता फुकट असली तरी तिच्यापर्यंत पोचणारा पाइप फुकट नसतो.

पण गॅसचा पाइप तरी कोण स्वतःच्या पैशाने घालतं? रस्त्याखालचा पाइप कंपनी घालते आणि त्याचा खर्च पन्नास-साठ वर्षं सर्व ग्राहकांच्या बिलांतून थोडाथोडा वसूल करते. हीच पद्धत पाण्याच्या पाइपला का लावू नये? हा प्रश्न बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या हीट नावाच्या एका छोट्या संस्थेने विचारला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात नवीन काय असेल तर हा प्रश्न. बाकी पंप, पाइप, बोअर सगळं जुनंच.

हीटची सुरुवात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून घरांच्या फटी बुजवण्यापासून झाली होती. तिच्या संस्थापकांपैकी ऑड्री शुलमन या कादंबरीकार आहेत. झेनेब मगावी पुढे तिच्या नेतृत्वात आल्या. काम वाढत गेलं तसं संस्थेचं लक्ष रस्त्याखालच्या गॅसकडे वळलं. बॉस्टनच्या गॅसवाहिन्या जुन्या, कित्येक बिडाच्या, त्यामुळे ठिकठिकाणी गळणाऱ्या. बॉस्टन विद्यापीठाच्या नेथन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी मोटारीत संवेदक बसवून शहरातले ७८५ मैल रस्ते पालथे घातले, तेव्हा ३,३५६ ठिकाणी गळती सापडली; हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापमानवाढ करतो, ही झाली हवेतली गोष्ट. रस्त्यावर दिसणारी गोष्ट वेगळी होती. गळणारा मिथेन मातीतला ऑक्सिजन हुसकावून लावतो, मुळं गुदमरतात आणि रस्त्याकडेची झाडं वाळतात. आपल्या दारातलं झाड का मेलं, याचं उत्तर फुटपाथखाली आहे हे कळल्यावर लोक नकाशे मागू लागले. हीटने कंपन्यांच्याच नोंदींवरून गळतीचे नकाशे करून सर्वांसाठी खुले केले.

गळतीवर राज्याचा उपाय २०१४ च्या कायद्यात होता: जुने पाइप काढा, नवे प्लास्टिकचे घाला, खर्च ग्राहकांकडून घ्या. वरवर पाहता शहाणपणाचा. पण याच राज्याने २०५० पर्यंत हरितगृह वायूंचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं कायद्यानेच ठरवलं. आज घातलेल्या पाइपचे पैसे २०७५ पर्यंत फेडायचे, आणि त्यातून वाहणारा गॅस २०५० पर्यंत जवळपास बंद करायचा! एका हाताने कर्ज काढायचं आणि दुसऱ्या हाताने दुकान मोडायचं, असा हा कारभार. जसजसे सुखवस्तू ग्राहक वीज घेऊन बाहेर पडतील, तसतसा त्या पाइपचा हप्ता मागे उरलेल्यांच्या माथी येणार. आणि मागे कोण उरतं? भाडेकरू, म्हातारे आणि ज्यांना नवा पंप परवडत नाही ते.

त्यातच १३ सप्टेंबर २०१८ ची दुपार आली. याच राज्यातल्या लॉरेन्स शहरात कोलंबिया गॅस कंपनीसाठी काम करणारी माणसं बिडाचा जुना पाइप बंद करून प्लास्टिकचा नवा चालू करत होती. दाब मोजणाऱ्या नळ्या जुन्याच पाइपला लागलेल्या राहिल्या. तो पाइप तोडल्यावर त्यातला दाब उतरला. दाब राखणाऱ्या यंत्रणेला वाटलं, गॅस कमी पडतोय. तिने झडपा सताड उघडल्या. घरात दर चौरस इंचाला अर्धा पौंड दाबाने यायचा तो गॅस किमान बारापट दाबाने घुसला. लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर या तीन गावांत भट्ट्यांतून, शेगड्यांतून ज्वाळा उठल्या. पाच घरं उद्ध्वस्त झाली, एकूण १३१ इमारतींचं नुकसान झालं, आणि मोटारीत बसलेल्या १८ वर्षांच्या एका मुलावर स्फोटाने उडालेलं धुराडं कोसळून तो गेला. हजारो घरांचा गॅस महिनोन् महिने बंद होता. थंडी सुरू झाली तरी. कंपनीने पुढे गुन्हा कबूल करून ५३ दशलक्ष डॉलरचा दंड भरला आणि राज्यातून बाहेर पडली. तिचा तिथला व्यवसाय विकत घेतला एव्हरसोर्सने.

यातली बोचणारी बाब अशी की अपघात घडला तो निष्काळजीपणे सोडून दिलेल्या पाइपमुळे नव्हे, पाइप सुरक्षित करायच्या कामातच. हीटची कल्पना आधीपासून मांडली जात होती. लॉरेन्सनंतर ती मन लावून ऐकणारे वाढले. संस्थेने ब्युरो हॅपोल्ड या अभियांत्रिकी कंपनीकडून व्यवहार्यतेचा अभ्यास करून घेतला, तो २०१९ मध्ये आला. सूत्र साधं होतं. ज्या रस्त्यावर गॅसचा पाइप बदलायचाच आहे, तिथे त्याच चरात पाण्याचा पाइप घाला. पाइप तसाच पॉलिथिलीनचा, तोंडं तापवून सांधायचा. तो सांधणारे हात गॅस कंपनीच्या कामगारांकडे आधीच आहेत. रस्ता खणायचे हक्क, बिल पाठवायची व्यवस्था, तक्रार आली की धावणारी गाडीही आहे. अमेरिकेत अशा कंपन्यांना गॅसच्या विक्रीवर नव्हे, मुख्यतः जमिनीत घातलेल्या भांडवलावर ठरावीक परतावा मिळतो. पाइपमधून काय वाहतं याच्याशी भागधारकाचं फारसं देणंघेणं नसतं. पर्यावरणवाद्यांनी गॅस कंपनीला शत्रू मानून बंद पाडायचं म्हटलं असतं तर कंपनी, तिचे कामगार आणि त्यांची संघटना सगळे एका बाजूला उभे राहिले असते. इथे त्यांच्यापुढे ठेवला गेला दुसरा धंदा.

आता जाळं कशासाठी? प्रत्येक घराला वेगळा बोअर का नाही? कारण एका वेळी सगळ्यांची गरज सारखी नसते. एप्रिलच्या एखाद्या दिवशी कचेरीला गारवा हवा असतो आणि पलीकडच्या सावलीतल्या घराला ऊब. किराणा दुकानाचे फ्रिज जानेवारीतही उष्णता बाहेर फेकत असतात. सगळे एकाच पाण्याच्या कड्यावर असले की दुकानाने टाकलेली उष्णता दोन गल्ल्या पलीकडचं घर उचलतं आणि बोअरपर्यंत जायची वेळच येत नाही. म्हणून ग्राहक वाढले तरी बोअर त्या प्रमाणात वाढवावे लागत नाहीत. गॅसच्या जाळ्यात प्रत्येक जण फक्त घेणारा असतो. इथे प्रत्येक इमारत घेणारी आणि देणारीही. न्यूयॉर्कमध्ये २०२२ च्या कायद्याने मोठ्या वीज-गॅस कंपन्यांना अशी जाळी करून पाहणं बंधनकारक केलं, तेव्हा कॉन एडिसनने चेल्सी भागात एका डेटा सेंटरची वाया जाणारी उष्णता सरकारी वसाहतीतल्या घरांना द्यायची योजना मांडली.

हाच देण्याघेण्याचा तोल आपल्याकडे मात्र बिघडतो. मुंबई-पुण्यात नळाने येणारा गॅस पोळ्या-भाजीसाठी असतो, घर उबवायला नाही. जमिनीचं खोलवरचं तापमान साधारण त्या जागेच्या वार्षिक सरासरीइतकं, म्हणजे मुंबईत सत्तावीसच्या आसपास. त्यात बाराही महिने एसीची उष्णता ओतत राहिलं आणि हिवाळ्यात ती काढून घेणारं कुणी नसलं, तर काही वर्षांत बोअरभोवतालचा खडकच तापून बसेल. जिथे गारवा आणि गरम पाणी दोन्ही रोज भरपूर लागतं, उदाहरणार्थ मोठं रुग्णालय आणि त्याची लाँड्री, तिथे एकाची उष्णता दुसऱ्याला देणं शहाणपणाचं. फ्रेमिंगहॅमचा आराखडा उचलून ठाण्यात आणायचा असेल तर तो विचार सोडलेला बरा. हिमाचल किंवा काश्मीरसाठी तो विचार करण्यासारखा आहे.

फ्रेमिंगहॅमच्या यशाकडेही जरा डोळसपणे पाहायला हवं. तिथल्या ग्राहकांना हीट पंप, घरातली कामं, फटी बुजवणं, सगळं प्रायोगिक प्रकल्प म्हणून फुकट मिळालं. पुढच्या गावात असं कोण देणार? शिवाय जुन्या घरांत गरम पाण्याचे रेडिएटर असतात. हीट पंपासाठी कधी हवेचे डक्ट घालावे लागतात, कधी विजेचं पॅनेल मोठं करावं लागतं. रस्त्याखालचं काम याच्यापुढे सोपं वाटावं, इतकी प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी. लोवेल शहरात नॅशनल ग्रिड या दुसऱ्या कंपनीने असाच प्रकल्प हाती घेतला होता, पण खर्च अंदाजाबाहेर गेला आणि २०२५ मध्ये तो गुंडाळावा लागला. त्याच कंपनीने बॉस्टनमध्ये फ्रँकलिन फील्ड या सरकारी वसाहतीत वेगळी वाट धरली: इमारती एकाच मालकाच्या, बॉयलर सामायिक आणि बदलायला झालेले. घरोघरी मनधरणी करायची गरज नाही. पहिली काही वर्षं तरी ही जाळी अशाच जागी पसरतील असं मला वाटतं.

खर्चाच्या दुसऱ्या पारड्यात एक गोष्ट टाकली जात नाही, ती वीजजाळ्याची. सगळी घरं हवेवरच्या हीट पंपांवर आली तर थंडीतल्या एका रात्रीच्या मागणीसाठी केवढ्या तारा ओढाव्या लागतील! ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०२३ साली अमेरिकेपुरता हिशेब मांडला: जमिनीला जोडलेले हीट पंप मोठ्या प्रमाणावर बसवले तर २४,५०० मैलांच्या नव्या पारेषण वाहिन्या टाळता येतील. ते पैसे वाचतात वीज कंपनीच्या खात्यात, आणि बोअरचा खर्च पडतो गॅस कंपनीच्या खात्यात. दोन्ही खाती एकत्र पाहणारा नियामक लागेल. एव्हरसोर्सकडे निदान दोन्ही धंदे आहेत.

राज्याने नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने गॅस कंपन्यांना अशी जाळी उभारायची रीतसर मुभा दिली. त्याच सुमारास केंद्राच्या ऊर्जा विभागाने हीटला ७.८ दशलक्ष डॉलर मंजूर केले, फ्रेमिंगहॅमच्या कड्याला दुसरं कडं जोडण्यासाठी. दुसरं कडं आधीच्या पंपघराचा आणि बोअरचा काही भाग वापरणार असल्याने दर ग्राहकामागचा खर्च उतरेल, अशी अपेक्षा आहे.

सर्वांत अवघड गाठ मात्र अजून तशीच आहे. फ्रेमिंगहॅममध्ये सहभाग ऐच्छिक होता. काहींनी नको म्हटलं, म्हणून गॅसचा पाइप तिथेच आहे, भरलेला आहे, आणि त्याची तपासणी-दुरुस्ती चालूच ठेवावी लागते. गॅस मागणाऱ्याला तो पुरवणं ही कंपनीची कायदेशीर जबाबदारी असते. गल्लीत एकानेच शेगडीचा हट्ट धरला तरी अख्खा पाइप जिवंत ठेवायचा, म्हणजे बचतीचा सगळा हिशेब कोसळला. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये यावर एक उपाय काढला: जास्तीत जास्त ३० प्रायोगिक पट्टे ठरवायचे, आणि तिथल्या दोन-तृतीयांश ग्राहकांनी संमती दिली तर, पुरेशी पर्यायी ऊर्जा उपलब्ध असल्यास, कंपनीची गॅस पुरवायची जबाबदारी संपते. उरलेल्या एक-तृतीयांशांनाही मग गॅस सोडावा लागेल. त्यांच्यापैकी कुणीतरी न्यायालयात जाईलच.